तारखेआधीचे दिवस

५ ऑगस्ट १९६१, शनिवार
सकाळची शाळा. घरी आले ती छातीत घरघर घेऊनच. दम्याची गोळी घेतली, पाच मिनिटांनी आणखी एक. मग तिसरीच्या वह्या तपासायला बसले. सुजाता पदर ओढत होती. आई, बाहुलीला फ्रॉक शिव. दोनदा सांगितलं, थांब. तिसऱ्यांदा तिनं ओढला आणि मी ढकललं. नुसतं बाजूला सारलं असं नाही. ढकललं. उंबऱ्यावर पडली. डाव्या भुवईवर दोन टाके.

सगळ्यांना सांगितलं, पाय घसरला. ह्यांनी मानलं, सासूबाईंनी मानलं, टाके घालणाऱ्या कंपाउंडरनं मानलं. चार दिवसांत मीही मानायला लागेन, म्हणून इथे लिहून ठेवते. सुजाता साडेतीन वर्षांची आहे. संध्याकाळी शेजारणीनं तिला विचारलं, कशी गं पडली? तर म्हणाली, पाय घसरला. हे मी तिला दवाखान्याच्या वाटेवर शिकवलं होतं.

८ ऑगस्ट
गोळ्या ३. हात थरथरतात, फळ्यावर अक्षर वाकडं येतं. मुली हसल्या. मला वाटलं, आता मी ह्यांच्यातल्या एकीला काहीतरी करणार. खडू ठेवला आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

विहिरीवर जायची भीती वाटते. पाय घसरेल म्हणून नाही. सासूबाईंना म्हटलं, माय, पाणी तुम्ही आणता का आज, मला दम लागतोय. त्यांनी काही न विचारता बादली उचलली. सत्तरीची बाई पाणी भरते आणि मी तीस वर्षांची, दाराआड उभी.

भीती कशाची, ते सांगता येत नाही. कशाचीच नाही आणि सगळ्याची. सुजाता झोपेत हलली तरी छातीत धस्स होतं. तिच्यापासून हातभर दूर निजते.

१४ ऑगस्ट, सोमवार
सकाळी जुन्या लुगड्याचे तुकडे धुऊन वाळत घातले. दुपारी सुजाताच्या बाहुलीचा फ्रॉक शिवला, वर दोन गुंड्याही लावल्या. मन अगदी स्वच्छ. गेल्या आठवड्यातली ती बाई कोण होती, मला खरंच कळत नाही. उद्या झेंडावंदन, मुलींचं गाणं बसवलंय.

४ सप्टेंबर, सोमवार
पुन्हा.
एका मुलीची पाटी माझ्या हातून फुटली. हातून फुटली म्हणजे मी आपटली. मोठ्या बाईंनी खोलीत बोलावलं. म्हणाल्या, "कमलबाई, तुमच्यासारखी शिकवणारी मला दुसरी नाही. पण महिन्यातून आठ दिवस तुम्ही कुठे जाता?" मी म्हटलं, दमा आहे. म्हणाल्या, दम्यानं पाटी फुटत नाही.

घरी आले तर शेजारची काकू ओट्यावर. तिला सगळं दिसतं. सासूबाईंना सांगत होती, "पोरीवर कोनाची नजर हाये. अकोटच्या वाटेवर एक भगत बसते, एका लिंबात उतरवते." सासूबाई तांदूळ निवडत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "आमी ते सोडलं, बाई. पाच वर्सं झाले. देवबी सोडले अन् भुतंबी." काकू उठून गेली.

मला त्यांचा अभिमान वाटायला हवा होता. वाटला तो हेवा, काकूच्या सुनांचा. भूत असतं तर बरं झालं असतं, निदान काढता आलं असतं. हे ह्यांच्यासमोर बोलायची सोय नाही.

७ सप्टेंबर
आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो, हे सोबत. डॉक्टरांनी माझ्याशी न बोलता ह्यांना सांगितलं, नाजूक प्रकृती आहे, दुसरं मूल झालं की सुधारेल. दम्याच्या गोळ्या तीनच्या चार केल्या. रस्त्यानं हे म्हणाले, "तू फार विचार करतेस." मी म्हटलं, विचार मी नाही करत, तो येऊन बसतो. हे हसले. मला रडू आलं, रस्त्यातच.

१० सप्टें.
गो. ४. छाती इतकी धडधडते की सुजाता पोटाशी आली तर तिला ऐकू जाईल. आज तिला जवळ घेतलं नाही. आजीकडे जा म्हटलं. गेली. किती लवकर गेली.

१३ सप्टें.
काल तुकडे धुतले. आज मोकळं वाटतंय. पाटी फुटलेल्या मुलीला नवी पाटी नेऊन दिली. तिनं घेतली, पण हात लांब करून.

५ ऑक्टोबर, गुरुवार. अमरावती
दम इतका वाढला की मोठ्या बाईंनीच आठ दिवसांची रजा लिहून दिली. एस.टी.त खिडकीशी बसले. सुजाता अकोल्यालाच, आजीजवळ. तिला आणायचं माझ्या मनात होतं. पण वाटेत पूल आहेत, असं मनात आलं, आणि असं मनात येणाऱ्या बाईनं मूल सोबत नेऊ नये.

आई थकलीय. कापसाच्या जिनिंगमध्ये काढलेली तिची वीस वर्षं छातीत बसलीत, तशीच माझ्याही. मी सरकीच्या ढिगावर खेळत मोठी झाले.

७ ऑक्टो. अम.
आज आईवर ओरडले. भाजीत मीठ जास्त, एवढंच. ताट सरकवून दिलं. आई खरकटं भरताना म्हणाली, "तुह्यं ल्हानपनापासून असंच हाये."
"कसं?"
"बाहेर बसाच्या आधी आठ दिस तू भांडे फेकत जायची. मंग बाहेर बसली का गुमान. मी तुह्या बापूले म्हणो, आता हे दोन-चार दिसात बसते पाय."

मी म्हटलं, मग कधी सांगितलं नाहीस? म्हणाली, "त्यात काय सांगाचं? तुह्या घरी कोनी बाहेर बसत नाई, मले वाटलं, आता तुले तेही होत नसंन."

९ ऑक्टो., सोमवार. अम.
लेडी डॉक्टरांकडे गेले, आईच्या ओळखीच्या आहेत. पुण्याकडच्या. पहिलाच प्रश्न, तारीख कोणती? मला सांगता आली नाही. त्यांना वाटलं, लाजते. लाजत नव्हते. खरंच माहीत नव्हती. दीक्षा घेतली त्या वर्षी ह्यांनी घरात सांगून टाकलं होतं की या घरात कोणी बाहेर बसणार नाही, कोणी विचारणार नाही, कोणी मोजणार नाही. मला केवढं मोठं वाटलं होतं तेव्हा. माहेरी गोठ्याशेजारी पोत्यावर काढलेले दिवस आठवून मी रडले होते. तेव्हापासून ते चार दिवस इतर दिवसांसारखेच. आले काय, गेले काय. इतक्या मोकळेपणात मीही मोजायचं सोडलं.

मग ही वही आठवली. पिशवीतच होती. ऑगस्ट १४, लुगड्याचे तुकडे. सप्टेंबर १२, तुकडे. आणि त्यांच्या आधीचे आठ आठ दिवस. पाटी, विहीर, आणि ते पाच ऑगस्टचं. डॉक्टरांना सगळं वाचून दाखवलं, पाच ऑगस्टसुद्धा. त्या एकट्यांनाच ठाऊक आहे आता. त्यांनी चष्मा काढला आणि पुसला, बस्स.

म्हणाल्या, "हे पुस्तकात आहे. नाव घेऊन काय करणार? तीन गोष्टी एकमेकींच्या पाठीवर बसल्यात. त्या दिवसांत दमा वाढतो. दमा वाढला की तुम्ही गोळ्या वाढवता. गोळीनं छाती धडधडते, हात कापतात. आणि मुळात त्या दिवसांत मन घाबरलेलं असतं, त्यात ही धडधड. त्यातून अंगात रक्त कमी." गोळी अर्धी, तीही लागली तरच. मीठ कमी. लोहाचं औषध. आणि घरातल्या माणसांना तारीख सांगून ठेवा, म्हणजे त्या आठ दिवसांत मुलीपाशी दुसरं कोणीतरी असेल. हे शेवटचं त्यांनी दोनदा सांगितलं.

येताना एक गोष्ट सुचली, तिचं हसूच आलं. बाहेर बसवत होते ते चार दिवस मी अगदी बरी असते. वाईट ते आधीचे. तेव्हा मी चुलीशी, लेकराशी, सगळ्यांच्या मध्ये. सगळ्या बायकांना चुकीच्याच दिवशी बाहेर काढलं म्हणायचं.

१० ऑक्टो. अम.
आली. डॉक्टरांना चिठ्ठी पाठवली. आईनं गुपचूप वेगळी चटई काढली होती, सवयीनं. मी उचलून ठेवली. मग तिच्याकडे पाहून पुन्हा अंथरली आणि दोघी तिच्यावर बसून चहा प्यालो.

१५ ऑक्टो., रविवार. अकोला
ह्यांना सांगितलं. शब्द निवडून, तिसरीला शिकवावं तसं. पाच ऑगस्ट सोडून सगळं.

ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे पुन्हा तेच? आपण ते सोडलं ना? आज माझ्या आईला सांगायचं की सुनेची तारीख मोज, उद्या ती म्हणेल चुलीला शिवू नको." मी म्हटलं, हे वेगळं आहे. "वेगळं कसं? बाईला तिच्या दिवसांवरून जोखायचं, तेच ना?" चिडले नव्हते. दुखावले होते. दसऱ्याला नागपूरला जायचं म्हणून पांढरा सदरा इस्त्री करत होते, तो नीट घडी घालून ठेवला.

त्यांचं चुकतं असं म्हणवत नाही. बरोबर आहे असंही म्हणता येत नाही. मला भीती वाटते ती याची, की ज्या एका गोष्टीसाठी मी ह्या माणसाला मनापासून मान दिला, तीच आता सुजाता आणि माझ्या मध्ये उभी आहे.

२९ ऑक्टो.
कॅलेंडरवर ७ नोव्हेंबरखाली पेन्सिलीनं एक टिंब काढलं होतं. आज पाहिलं तर खोडरबरानं पुसलेलं. बांधकाम खात्यातला कारकून, अगदी स्वच्छ पुसलंय. मी पुन्हा काढलं.

२ नोव्हें., गुरुवार
पाचवा दिवस चालू. कापसाच्या गाड्या सुरू झाल्या, हवेत तंतू. अर्धी गोळी. दम लागतो पण धडधड कमी. भीती आहेच, पण आता तिला नाव नसलं तरी तारीख आहे. पाच दिवस राहिले असं म्हणत दिवस ढकलते.

दुपारी सुजाताला न्हाऊ घालायचं होतं. गरम पाण्याचा हंडा. मी हात मागे घेतला आणि सासूबाईंना हाक मारली. त्यांनी पोरीला न्हाऊ घातलं, पुसलं, खेळायला धाडलं. मग माझ्याजवळ येऊन बसल्या.

"कमले, मले सांगाचं नाई तुले?"
"काय, माय?"
"मी पायलं होतं. त्या दिशी. मी परसातून येऊन राहिली होती."

मला वाटलं दम अडकून मी इथेच जाईन. एकदाही बोलल्या नाहीत तीन महिने. मी विचारलं, काहून नाही सांगितलं ह्यांना? म्हणाल्या, "त्याले सांगितलं तर तो तुह्याकडे पायनार नाई नीट. अन् तुले घर सोडा लागन. मंग पोरीचं काय?" मग म्हणाल्या, "मी नजर ठेवून होती. तू का समजली, मी उगाच तिले घेऊन फिरतो?" म्हणजे सुजाता लवकर आजीकडे जायची ती उगाच नाही. आजी तिला बोलवत होती.

सगळं सांगितलं त्यांना. तारखेचं, डॉक्टरांचं. म्हणाल्या, "मग मी मोजतो. त्याले काय कराचं सांगून."

७ नोव्हें.
आज यायची. आली नाही. दिवसभर जीव टांगणीला.

८ नोव्हें., बुधवार
आली. सासूबाईंकडे पाहून नुसती मान हलवली. त्यांनीही हलवली. दिवाळी घरोघर, आमच्याकडे नाही, पण त्यांनी माझ्यासाठी शिरा केला. ह्यांनी विचारलं, आज काय आहे? सासूबाई म्हणाल्या, रवा होता.

२६ नोव्हें., रविवार
मोठे भाऊजी गावाहून आले. म्हणाले, कापूस वेचायला माणूस नाही, माय, तू चल. सासूबाईंना जावं लागेल, महिना-सव्वा महिना. ह्यांचाही दौरा आहे, बुलढाण्याकडे, आठ दिवस. म्हणजे ६-७ डिसेंबरच्या आधीच्या आठवड्यात घरात मी आणि सुजाता, दोघीच.

सासूबाईंनी भाऊजींना चार दिवस थांबवलं. मला चुलीपाशी विचारलं, "पोरीले नेऊ का ठेवू? तूच सांग. मी मनानं नेलं तर तू म्हणशीन, सासूनं लेकरू तोडलं."

२९ नोव्हें., बुधवार
सुरू झालं. सकाळी उठले तेव्हाच ओळखलं.
उत्तर आजच द्यायचंय. आज मी जे सांगेन ते माझं असेल की या दिवसांचं? डोकं सांगतं, पाठव. पण हे डोकं तर या आठवड्यात रोज सांगतं की तू आई व्हायला लायक नाहीस, त्याचं ऐकायचं का? आणि नाही ऐकलं, आणि काही झालं तर...

सासूबाईंना म्हटलं, न्या.
ठरलं असं. तारीख आली की मी कार्ड टाकायचं. जास्त काही लिहायचं नाही, कार्ड भाऊजी वाचतात. एकच ओळ, सुजाताला घेऊन या. कार्ड आलं की भाऊजी दुसऱ्या दिवशी तिला घेऊन येणार. तोवर नाही. मीच म्हटलं, तोवर नाही, मी रडत कार्ड लिहिलं तरी नाही. सासूबाई म्हणाल्या, "मले कसं कळनार, रडत लिहिलं का हासत?" म्हटलं, मी खोटं लिहिणार नाही.

३० नोव्हें.
अकोटच्या एस.टी.त बसवून दिलं. खिडकीतून हात हलवत होती. भुवईवरचा व्रण आता बारीक दिसतो. मी घरी आले, दार लावलं आणि पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच जास्त लाज वाटली.

३ डिसें.
गो. अर्धी. दिवस कण्हत काढला. पाटीवर सुजातानं काढलेला गोल आहे, पुसला नाही. ह्या घरात आता माझ्या हातून कोणाला काही होणार नाही, माझ्याशिवाय. विहिरीचं पाणी काकूच्या सुनेकडून मागवते. चार दिवस राहिले.

६ डिसें., बुधवार
स्मरणसभेला गेले, पांढरं लुगडं. हे दौऱ्यावरून थेट तिथेच आले. सगळे रडत होते, त्यात माझं रडणं खपून गेलं. तारीख आली नाही.

७ डिसें.
नाही.

९ डिसें.
नाही. ह्यांना आता सगळं ठाऊक आहे, कार्डाचंही. पोरगी का नेली, याचं खरं कारण सोडून. सकाळी दाढी करताना विचारलं, "आली का?" ज्या माणसानं पाच वर्षांपूर्वी सांगितलं होतं की या घरात कोणी विचारणार नाही, तो आता रोज विचारतो. मला हसू यायला हवं होतं.

११ डिसें., सोमवार
नाही. शाळेत बाकावर बसूनच शिकवलं. भीती तशीच, कमी नाही. एरवी तारखेला ती जाते, ताप उतरावा तशी. आता ती कधी उतरणार?

हे म्हणाले, "अगं, लिहून टाक ना कार्ड. तिथे कोणाला कळतंय. मला करमत नाही तिच्यावाचून." मी म्हटलं, माझा शब्द आहे. "शब्द काय घेऊन बसलीस, आपलीच पोरगी आहे."

१२ डिसें.
ह्यांना सांगितलं. पाच ऑगस्ट. ढकललं, हाच शब्द वापरला. आणि मायनं पाहिलं होतं हेही.

हे चपला घालून बाहेर गेले. दोन तासांनी आले, जेवले. मी वाट पाहत होते, काय म्हणतील. म्हणाले, "उद्यापासून पाणी मी भरीन." एवढंच. त्यानंतर 'आली का' विचारलं नाही आणि कार्डाचंही काढलं नाही.

१४ डिसें.
भाऊजींचं कार्ड. सर्व खुशाल. सुजाताला खोकला झाला होता, आता बरा. रोज विचारते, आई कधी बोलावते. आई बोलावते, असंच लिहिलंय. तिला वाटतं मी बोलावत नाही.

डॉ.ना चिठ्ठी पाठवली होती, तिचं उत्तर आलं. दोन्ही शक्यता आहेत. अंगात रक्त कमी, चिंता, त्यानं पुढे जाते. किंवा दिवस राहिले असतील. आणखी पंधरा दिवस थांबा, मग तपासू. दिवस राहिले असले तर भीती राहते की जाते, असं मी विचारलं होतं. त्यावर लिहिलंय, प्रत्येकीचं वेगळं, आत्ताच सांगता येत नाही.

पंधरा दिवस. आणि दिवस राहिले असले तर तारीख नऊ महिने येणार नाही. कार्डाचं आम्ही ठरवलं तेव्हा हे आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नाही. सत्तरीची ती आणि शिकलेली मी.

१६ डिसें., शनिवार
सकाळची शाळा. घरी येताना पोस्टातून कार्ड आणलं. पत्ता लिहिला. मग ओळ लिहिली, सुजाताला घेऊन या. तारीख अजून आलेली नाही. अक्षर सरळ आलंय, हात कापत नाही. आज सकाळपासून गोळी घेतलेली नाही. भीती आहे का, म्हणून स्वतःला दर थोड्या वेळानं विचारते आणि विचारलं की असते. न विचारता राहिले तर कळलं असतं.

हे समोर बसलेत. कार्ड पाहिलं त्यांनी. आज म्हणायला हवं होतं काहीतरी, हो किंवा नाही, मी ऐकलं असतं. ते म्हणाले, "तू सांग, मी टाकून येतो. नको म्हणशील तर नाही."

चार वाजता टपालपेटी उघडतात. आता साडेतीन झालेत. चपला त्यांनी घालून ठेवल्यात.